परतीची फेरी

मामा शेडच्या दाराशी बसून बुटाचा चिखल खरवडत होता. चिमणी त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि हसत हसत म्हणाली, "मामा, या हंगामात तुझा विक्रम मी मोडणार."

लहानपणापासून कुठलीही चांगली बातमी ती आधी मामाला सांगत आली होती, म्हणून हीही तिने त्यालाच आधी सांगितली. मामाने हातातला बूट तिच्या तोंडावर फेकून मारला. टाच भुवईवर बसली. रक्त डोळ्यात उतरलं तरी काही क्षण ती तशीच हसत राहिली, कारण मामाने आपल्याला मारलं यावर तिचा विश्वासच बसेना.

तिची आई आत इंजिनात डोकं खुपसून होती. शेडमधले सगळे तिला ताई म्हणायचे. आवाज ऐकून ती बाहेर आली, पोरीच्या कपाळावर हातातलंच फडकं दाबलं आणि भावाकडे बघून म्हणाली, "दादा, डोकं फिरलं का तुझं?"

"डोकं हिचं फिरलंय," मामा म्हणाला. एका पायात बूट, दुसरा पाय उघडा, अशा अवतारात तो तरातरा निघून गेला.

मामाला सगळं गावच मामा म्हणायचं. देशात जेटच्या धक्क्याने नव्हे तर चाकांच्या जोरावर धावणाऱ्या गाड्यांमध्ये त्याच्यापेक्षा वेगात कुणी गेलं नव्हतं, आणि ही गोष्ट इतकी जुनी झाली होती की त्यानंतर जन्मलेली पोरं आता दाढी करू लागली होती. शेडपासून सकाळभराच्या अंतरावर खाऱ्या तळ्याचं कोरडं पात्र होतं. उन्हाळा संपताना तिथल्या मिठाचा थर फरशीसारखा कडक व्हायचा, आणि मग आठ-दहा दिवस गाडीवेड्यांची जत्रा भरायची. नियम जगभर आहे तोच: ठरलेल्या मैलातून एकदा जायचं आणि तासाभरात उलट दिशेने परत यायचं. दोन्ही फेऱ्यांची सरासरी धरली जाते, नाहीतर वारा पाठीशी घेऊन कुणीही सोम्यागोम्या विक्रमवीर झाला असता.

हा नियम चिमणीला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून पाठ होता. इतर पोरांना राजाराणीच्या गोष्टी, तर हिला मामा विक्रमांच्या गोष्टी सांगायचा. जगातला पहिला विक्रम विजेवर चालणाऱ्या गाडीने केला आणि तेवढा वेग आज कामावर उशीर झालेली बाई स्कूटरवर गाठते, हे ऐकून ती पोट धरून हसायची. त्यानंतर दोघा हट्टी माणसांनी तो विक्रम एकमेकांच्या हातातून चेंडूसारखा कसा हिसकावला, कुणाचा विक्रम पुरता आठवडाही टिकला नाही आणि कुणाचा महायुद्धाच्या आधीपासून पोरं म्हातारी होईस्तोवर कसा टिकला, हे तो हातवारे करून सांगायचा. "विक्रम म्हणजे भाड्याचं घर, चिमणे," तो म्हणायचा. "मालक म्हणाला की चंबूगबाळं उचलायचं."

पण ते दुसऱ्यांच्या विक्रमांबद्दल होतं. त्याच्या स्वतःच्या विक्रमाची गोष्ट वेगळी होती. चिमणीचा बाप हा मामाचा मेहुणा आणि जिवलग दोस्त. विक्रमाची पहिली गाडी दोघांनी मिळून बांधली, ताईने इंजिन केलं आणि पहिल्यांदा चालवायला बसला तो मेहुणा. भर वेगात मागचं टायर फाटलं. गाडी मिठावर गडगडत गेली आणि पेटली. मामाने उघड्या हातांनी पत्रा उचकटून त्याला बाहेर ओढलं. तळहाताची कातडी तापल्या पत्र्याला चिकटून राहिली. मेहुणा दोन दिवस तडफडून गेला. पुढच्या वर्षी मामाने तीच गाडी पुन्हा उभी केली आणि बँडेजच्या हातांनी विक्रम केला. चिमणी तेव्हा रांगत होती. पुढे तिला मोठं केलं, सायकल शिकवली, गाडी शिकवली ती मामानेच.

विक्रम मात्र मामाच्या अंगात भुतासारखा शिरला होता. एकदा कुणी खानावळीत म्हणालं की त्या दिवशी वाराच बरोबर होता, तर मामाने जॅकच्या दांड्याने त्याचा जबडा मोडला. कुणी नवा गाडी घेऊन आला की रात्रीतून त्याचे टायर चिरले जायचे. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?

ती आता त्याच्या हातावर वाढलेली पोरगीच बांधायला निघाली होती.

बुटाच्या प्रकरणानंतर चार दिवसांनी मामा परत आला तो घण घेऊन. चिमणी नव्या गाडीच्या नाकावर पत्रा बसवत होती. लांब, बुटकी, माशासारखी गाडी; माणूस आत आडवा झोपल्यासारखा बसायचा. मामाने एक शब्द न बोलता घण उचलला आणि गाडीच्या नाकावर घातला. ॲल्युमिनियम कागदासारखं चुरगळलं.

"मामा!"

"हा विक्रम तुझ्या बापाच्या राखेवर उभा आहे," मामाने दुसरा घाव घातला. "त्याला हात लावतेस? लाज नाही वाटत?"

"बाप माझाच होता ना? मग विक्रम घरातच राहतोय की!"

"घरातच चोर निघाला तर कुलूप लावून काय उपयोग!"

तिसरा घाव पडायच्या आत चिमणी त्याच्या पाठीवर झेपावली. मामा साठीला आला होता, पण हाडापेराने रेडा. त्याने तिला खांद्यावरून आपटलं. ती उठली आणि हाताला लागला तो पाना तिने त्याच्या बरगडीत हाणला. मामाच्या तोंडून हवा गेल्यासारखा आवाज आला. त्याने तिचा डावा हात पकडला, बाकावर दाबला आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट उलटं वळवलं. हाड मोडल्याचा आवाज ताईने शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकला.

ताई पेटती गॅसबत्ती घेऊन आली. वेल्डिंगची, निळ्या ज्योतीची. तिने ती भावाच्या गालापासून वीतभर अंतरावर धरली. त्याच्या कल्ल्यांचे केस करपल्याचा वास सुटला.

"सोड तिला."

"छोटे, तू मध्ये पडू नकोस."

"सोड, नाहीतर डोळा घालवीन तुझा. आईची शपथ."

मामाने हात सोडला. बहिणीच्या तोंडाकडे बघत तो मागे मागे सरकला. "तू हिला इंजिन दिलंस," तो म्हणाला. "माझ्या दोस्ताची बायको असून."

"माझं इंजिन आहे. कुणाला द्यायचं ते मी ठरवीन. निघ इथून. परत या दारात दिसलास तर पोलीस बोलावणार नाही, मीच काय ते बघीन."

तो गेला. चिमणी जमिनीवर बसून मोडका हात मांडीवर धरून रडत होती. बोटांपेक्षा तिला दुसरंच काही दुखत होतं. "आई, विक्रम म्हणजे भाड्याचं घर, असं तोच म्हणायचा ना गं?"

"म्हणायचा," ताई म्हणाली. "पण तो स्वतः मालक झाला होता. चल, हाडवैद्याकडे जाऊ."

नाक नवं बसवलं. बोटं पट्टीत बांधली. सुकाणू धरायला उरलेली पुरेशी होती. हंगाम आला तशी सगळी मंडळी तळ्यावर गेली. तिथे यंदा नेहमीपेक्षा गर्दी होती. दुसऱ्या एका शहरातून एक दंतवैद्य आपली गाडी घेऊन आला होता; सगळ्यांशी मऊ आवाजात बोलायचा आणि जेवण झालं की दात घासायचा, म्हणून पोरं त्याची टिंगल करत होती. मामा दिसला नाही. ताईने मोजणीसाहेबांना, म्हणजे वेळ मोजणाऱ्या पथकाच्या प्रमुखांना, आधीच सांगून ठेवलं होतं, "माझा भाऊ आला तर त्याला मार्गाजवळ सोडू नका."

"बाई, त्यांचाच विक्रम आहे. पाहुणा म्हणून यायचा हक्क आहे त्यांना."

"पाहुणा म्हणून आला तर चहा पाजा. मार्गाजवळ नको."

सकाळी वारा पडला होता. ढकलणाऱ्या ट्रकने चिमणीच्या गाडीला मागून रेटत वेग दिला, इंजिनाने जोर धरला आणि गाडी निघून गेली. आवाज मागून आला. मोजणीच्या खोपटातून आकडा बाहेर आला तेव्हा तंबूंमधून आरडाओरडा उठला. मामाच्या आकड्याच्या बराच पुढचा होता. पण तो अर्धाच होता. परतीची फेरी बाकी होती आणि तास सुरू झाला होता.

पलीकडच्या टोकाला ताईच्या माणसांनी चाकं बदलली, इंधन भरलं, गाडी थांबवणारी पॅराशूटची छत्री घडी करून परत कोंबली. ताईने इंजिनाला कान लावून ऐकलं, तेल बघितलं, आणि पोरीच्या हेल्मेटवर टकटक केलं. "ठीक आहे. जा." मग ती बचाव पथकाचा जड ट्रक घेऊन कडेच्या वाटेने परतीच्या टोकाकडे निघाली. गाडी थांबेल तिथे ती आधी पोचायला हवी होती.

अर्ध्या वाटेवर तिला किनाऱ्याकडून येणारा धुरळा दिसला. आधी वाटलं, कुणी उशिरा आलेला प्रेक्षक. मग तिने तो जुना, हिरवा ट्रक ओळखला. याच ट्रकने तिच्या नवऱ्याची गाडी ढकलली होती. ट्रक मार्गाच्या दोरीवरून आत आला, मोजणीच्या मैलाच्या अलीकडे, मार्गाच्या मधोमध आखलेल्या काळ्या रेघेवर आला आणि आडवा उभा राहिला.

ताईने वॉकीटॉकी उचलला. "थांबवा! तिला सोडू नका! मार्गावर ट्रक आहे!"

खरखर झाली. मग पलीकडून घाबरलेला आवाज: "ताई, निघाली ती. आत्ताच ढकलली."

"तिच्या कानात सांगा!"

"सांगतोय, पण इंजिन चालू आहे, ताई, काही ऐकू जात नाही तिला!"

उन्हात मीठ पाण्यासारखं लकाकत होतं. ताईला माहीत होतं की गाडीत आडवं पडून त्या लकाकीतून बघताना समोरचा ट्रक ट्रक म्हणून दिसतच नाही. दिसेपर्यंत तुम्ही त्याच्यात असता. आणि हे तिच्यापेक्षा तिच्या भावाला जास्त चांगलं माहीत होतं.

तिने सुकाणू वळवलं आणि पाय शेवटपर्यंत दाबला.

मामा दार उघडून पायरीवर उभा होता. बहिणीचा ट्रक येताना दिसल्यावर त्याने हात वर केले, ते थांब म्हणून की ये म्हणून, हे तिला कळलं नाही. त्याच्या ओठांची हालचाल दिसली. मग तो आत शिरला, गिअर टाकायला असेल. ताईने त्याच्या ट्रकचा मधला भाग नेमका धरला. धडक बसली तेव्हा तिच्या छातीत सुकाणू घुसलं आणि बरगड्या एकामागून एक मोडल्या. समोरची काच तिच्या मांडीवर खडीसाखरेसारखी सांडली. हिरवा ट्रक रेघेवरून कडेला फरफटला, एका बाजूवर उठला, थबकला आणि टपावर उलटला. ताईचा ट्रक त्याच्यामागे रेटत गेला, कारण तिचा पाय अजून खालीच होता.

तेवढ्यात पाठीमागून काहीतरी गेलं. त्याच्या वाऱ्याने ताईच्या ट्रकचं उघडं दार तुटून उडालं. कानात नुसती शीळ राहिली.

ताई खाली उतरली की पडली, तिला आठवत नाही. श्वास घेतला की छातीत सुरी फिरत होती. हिरव्या ट्रकच्या टपाखाली मामा अडकला होता. उजवा पाय मांडीपासून पत्र्यात चेपला होता आणि डिझेल मिठावर पसरत होतं. इंजिनाच्या बाजूने ज्वाळा उठली. ताईने आपल्या ट्रकमधली आग विझवायची टाकी ओढून काढली, एका हाताने छाती दाबून धरली आणि पांढरा फेस भावाच्या अंगावर, तोंडावर, सगळीकडे मारत राहिली. तो खोकत होता, शिव्या देत होता, मग आईला हाक मारायला लागला. आई जाऊन कित्येक वर्षं झाली होती. ताई टाकी रिकामी झाल्यावरही तिचा खटका दाबत बसली होती. लोकांनी येऊन तिची बोटं सोडवली.

विक्रम झाला. मोजणीसाहेबांनी दिवसभर वाद घातला, पण मोजणीचा मैल मोकळा होता आणि परतीची फेरी तासाच्या आत होती. त्यांनी सही केली.

रुग्णालयात मामाचा पाय मांडीपासून काढला. ताईला त्याच मजल्यावर ठेवलं होतं. चालता आल्याबरोबर ती भिंतीला धरून त्याच्या खाटेपाशी गेली. मामा छताकडे बघत होता.

"तिला दिसलं असतं," तो म्हणाला. "दिसलं असतं आणि तिने छत्री सोडली असती. फेरी गेली असती, एवढंच. मला तेवढंच हवं होतं, छोटे."

"मिठावर दिसतं?"

त्याने पांघरूण छातीपर्यंत ओढलं.

"दादा, मिठावर उन्हात समोरचं दिसतं का? तूच सांग. माझं चुकत असेल."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. ताईने त्याची हनुवटी धरून तोंड परत आपल्याकडे फिरवलं आणि कानफटात मारली. स्वतःच्याच बरगड्यांतून अशी कळ गेली की ती खाली बसली. परिचारिका धावत आली. "बाई, पेशंट आहेत ते!"

"मीही पेशंटच आहे," ताई म्हणाली. "आमचं घरचं चाललंय."

कोर्टात मामाने सांगितलं की ट्रक बंद पडला म्हणून मार्गावर उभा राहिला आणि बहिणीचा ब्रेक लागला नसावा, तिचा काही दोष नाही. वकिलाने ताईला आधीच बजावलं होतं की होला हो करा. ताई उभी राहिली आणि म्हणाली, "ब्रेक उत्तम होते. मीच ते बांधलेत. मी मुद्दाम धडक दिली. तो मेला असता तरी दिली असती." न्यायाधीशांनी तिला सोडलं. मामाला तीन वर्षांची शिक्षा झाली.

आणि तो विक्रम? तो त्याच हंगामात गेला. ताई अजून रुग्णालयात होती, तेव्हाच. दंतवैद्य दात घासून गाडीत बसला, दोन्ही बाजूंनी नीट गेला आणि चिमणीपेक्षा जेमतेम अधिक वेगाने जाऊन आला. चिमणीने सगळ्यांसमोर त्याच्याशी हात मिळवला आणि मग रुग्णालयात येऊन आईच्या उशाशी बसली.

"गेला," ती म्हणाली.

"कळलं मला. जाऊ दे. भाड्याचंच घर."

चिमणी पट्टीतल्या बोटांकडे बघत राहिली. "आई, मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"ट्रक नाही. धडक दिसली. काहीतरी हिरवं उलटताना, आणि तुझा ट्रक. बचावाच्या ट्रकचा लाल टप ओळखला मी. पाय उचलायला वेळ होता." तिने पट्टीचा सुटलेला धागा ओढला. "नाही उचलला."

 खाटेखाली कुणाचं तरी भांडं पडून गडगडत गेलं.

"पुढच्या वेळेला इंजिन दुसऱ्या कुणाकडून बांधून घे," ती शेवटी म्हणाली.

"आई!"

"रागाने नाही म्हणत. तुझ्यावर जीव आहे म्हणून म्हणते. तू आत असताना माझं इंजिन आता माझ्याने ऐकवणार नाही."

त्यानंतर ताईने शेड पोरीच्या हवाली केली आणि स्वतः शेतीचे पंप दुरुस्त करू लागली. त्या कामात कुणी मरत नाही. चिमणीने दुसरा इंजिनवाला शोधला, वर्षभर राबली आणि पुन्हा खाऱ्या तळ्याची तयारी केली. मायलेकींचं बोलणं तुटलं नाही, पण जेवताना गाडीचा विषय निघाला की एकीला हटकून पाणी आणायला उठावंसं वाटायचं.

मामाला भेटायला ताई दर महिन्याला जायची. चिमणी एकदाही गेली नाही. तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत लांब बाक होते आणि मधे जाळी. मामा लाकडी पायावर टकटक करत यायचा, बसायचा, तब्येतीचं विचारायचा. बारीक झाला होता. दंतवैद्याची गोष्ट ताईने त्याला पहिल्यांदा सांगितली, तेव्हा तो जाळी धरून इतका हसला की शिपाई जवळ आला. मग हसता हसता त्याचे खांदे हलू लागले आणि थांबेनात. शिपाई तोंड फिरवून उभा राहिला.

पुढच्या हंगामाच्या दिवसांत ती गेली तेव्हा त्याने आल्या आल्या विचारलं, "तळं सुकलं?"

"सुकलं."

"पोरगी गेलीय?"

"काल."

"इंजिन कुणाचं आहे?"

"माझं नाही."

मामाने जाळीत बोटं अडकवली. "मग फुटेल ते," तो म्हणाला. "तुझं नसेल तर फुटणार. छोटे, आत बसलीय ती."

"नाही फुटणार."

"तुला काय माहीत?"

ताईने पदराने नाक पुसलं आणि चिडूनच म्हणाली, "परवा रात्री शेडमध्ये जाऊन सगळं उघडून बघून आलेय मी. तो माणूस चांगला आहे. दोन नट सैल होते, ते आवळले."

"तिला सांगितलंस?"

"सांगते कशाला! ती झोपली होती."

शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं. मामा उठला, लाकडी पाय सावरत दोन पावलं गेला आणि वळून विचारलं, "कुठले दोन?"

ताईने त्याला सांगितलं.